हलकी भिंत

सुताराने ओट्यावर आडव्या पडलेल्या कपाटाखाली खांदा घातला आणि हळूहळू गुडघे सरळ केले. कपाट उचललं तसा आतला काचांचा ढीग खळ्ळकन एका बाजूला सरकला. त्याने ते भिंतीशी टेकवून उभं केलं, हात झटकले, बाहीने कपाळ पुसलं. मग इतका वेळ टाळलेली गोष्ट त्याने केली. मान वर करून भिंतीकडे पाहिलं.

चार भोकं होती. त्याने पाडली तेव्हा ती करंगळी जाईल एवढीच होती. आता प्रत्येकाची वाटी झाली होती. स्क्रू वाकलेले नव्हते, तुटलेले नव्हते. भोकात बसवायच्या प्लास्टिकच्या प्लगांसकट, भिंतीचा चुरा बरोबर घेऊन, ते सरळ बाहेर आले होते.

घराच्या बाई दाराशी उभ्या होत्या. जन्मभर हॉस्पिटलात नोकरी केलेली म्हणून सगळी इमारत त्यांना सिस्टर म्हणायची. सकाळी सातला त्यांनीच फोन केला होता, आणि तोही असा की नळ गळतोय म्हणून सांगावं. चहाचा कप घेऊन त्या गॅलरीत गेल्या, खुर्चीत बसल्या, तेवढ्यात मागे धाडकन आवाज झाला. आत येऊन पाहतात तर कपाट ओट्यावर.

"कुठे लागलं नाही ना?" सुताराने तिसऱ्यांदा विचारलं.

"मी इथे असते तर लागलं असतं," सिस्टर म्हणाल्या.

त्यांच्या आवाजात राग नव्हता. पेशंटचा ताप किती ते सांगावं तसं त्यांनी सांगितलं. ओरडल्या असत्या तर त्याला बरं वाटलं असतं.

कपाट त्याने आठ महिन्यांपूर्वी बसवलं होतं. गावाबाहेर, मोठ्या रस्त्याला लागून, गोदामाएवढं दुकान होतं. खिळ्यापासून अख्ख्या स्वयंपाकघरापर्यंत काय हवं ते तिथे एका छताखाली मिळायचं. स्वयंपाकघर खोक्यांतून यायचं, स्क्रू-प्लग एका पिशवीत, सोबत कसं जोडायचं त्याचं चित्र, आणि मागोमाग दुकानाचा माणूस. गेली तीन वर्षं सुतार हा त्या दुकानाचा माणूस होता.

त्याने तिथल्या सुपरवायझरला फोन लावला. पोरगा वयाने लहान, पण बोलायला नीट. त्याने सगळं ऐकून घेतलं, बाई ठीक आहेत ना हे आधी विचारलं, आणि मग म्हणाला की फॉर्म भरावा लागेल. फॉर्मवर दोन चौकटी असतात. माल सदोष, नाहीतर काम सदोष. पहिलीत खूण केली की सगळं कंपनी बघते. दुसरीत केली तर बसवणाऱ्यावर येतं.

"तुम्ही जुने आहात, दादा. तुम्ही सांगाल ती खूण करतो," तो म्हणाला.

म्हणजे फास आपल्याच हातात दिला, असं सुताराला वाटलं. पहिल्या चौकटीत खूण केली की सुटलो. कोण येतंय बघायला? पण फोन खिशात ठेवताना त्याच्या डोळ्यांपुढे सिस्टरचं एकटं कपाट नव्हतं. ह्याच इमारतीत त्याने अकरा स्वयंपाकघरं बसवली होती. तीच पिशवी, तेच प्लग, तोच हात. उरलेली दहा कपाटं ह्या क्षणी लोकांच्या डोक्यांवर टांगलेली होती.

त्याने दोन प्लग आणि दोन स्क्रू रुमालात बांधले. काचा गोळा करून, ओटा पुसून दिला. संध्याकाळपर्यंत येतो म्हणाला. सिस्टरनी मान हलवली. येशील की नाही ते बघू, असं त्या मानेत काही नव्हतं, पण त्याला ते दिसलं.

खाली येऊन त्याने सायकल काढली आणि बाजाराकडे वळवली. माल खोटा की हात खोटा, हे त्याला एकच माणूस सांगू शकलं असतं, आणि त्या माणसाला त्याने तीन वर्षं तोंड दाखवलं नव्हतं.

काकूंचं दुकान म्हणजे एका खोलीच्या रुंदीचं हार्डवेअरचं दुकान. पुढे लाकडी काउंटर, मागे छतापर्यंत लहान लहान खण, प्रत्येक खणावर आतला स्क्रू किंवा खिळा तारेने बांधलेला, म्हणजे वाचता न येणाऱ्यालाही कळावं. काका गेल्यावर लोक म्हणाले होते, बाई दुकान विकणार. बाईंनी काउंटरमागचं स्टूल तेवढं उंच करून घेतलं, कारण काका उंच होते आणि त्या नव्हत्या. गावातले सुतार, गवंडी, नळवाले सकाळी त्यांच्या पायरीवर जमायचे. ज्याला सुतार हवा तो काकूंना विचारायचा, आणि काकू सुताराचं नाव पुढे करायच्या. पहिली दहा वर्षं त्याने जे कमावलं ते त्या पायरीवर बसून.

मग मोठ्या दुकानाने बोलावलं. महिन्याला बांधलेलं काम, पण अट एकच, माल त्यांचाच वापरायचा. मुलीची फी, आईचं औषध, त्याने हो म्हटलं. काकूंना सांगायला जायचं म्हणून दोनदा निघाला आणि दोन्ही वेळा गल्लीच्या तोंडाशीच पाय अडखळले. न सांगताच एक महिना गेला. मग महिन्याभराने काय सांगायचं म्हणून वर्ष गेलं. पुढे त्याने ती गल्लीच सोडली. बाजारात जायचं तर मागून, भंगारवाल्यांच्या बाजूने वळसा घालून जायचा. बायको त्याला म्हणायची, सावकार चुकवतोयस का बाई चुकवतोयस, ते एकदा सांगून टाक.

आज तो पायरीपाशी उतरला तेव्हा काकू खणांतली धूळ झटकत होत्या. केस जास्त पांढरे झाले होते. त्यांनी चष्म्यावरून पाहिलं, क्षणभर हातातलं फडकं तसंच राहिलं.

"ये," त्या म्हणाल्या. काल येऊन गेलेल्याला म्हणावं तसं.

त्याला आधी तीन वर्षांचं बोलायचं होतं, पण ते मागे राहिलं. त्याने रुमाल सोडून काउंटरवर ठेवला आणि सकाळचं सांगितलं. अकरा घरांचंही सांगितलं, दोन चौकटींचंही. काही लपवलं नाही. काकूंनी मधे एकदाच विचारलं, बाईंना लागलं नाही ना, आणि मग प्लग उचलला. उजेडात धरला, नखाने दाबला, दोन बोटांत पिळला. स्क्रू तळहातावर घेऊन हात दोनदा खालीवर केला. काकूंचा तो जुना तराजू होता.

सुतार त्यांच्या तोंडाकडे बघत होता. तिथला माल म्हणजे असाच, असं त्या आता म्हणणार, आणि आपण सुटणार. मनातून तो त्यांना ते म्हणायला लावत होता.

काकूंनी एका खणातून त्याच मापाचा आपला प्लग काढला, दुसऱ्यातून आपला स्क्रू, आणि त्याला मागच्या अंगणात घेऊन गेल्या. तिथली भिंत भाजक्या विटांची. त्यांनी दोन भोकं पाडायला सांगितली. एकात मोठ्या दुकानाचा प्लग, एकात त्यांचा. दोन्हींवर कपड्यांच्या दांडीचे आकडे कसले. मग खिळ्यांची अर्धी गोणी होती ती आधी एकावर, मग दुसऱ्यावर टांगली. दोन्ही हलले नाहीत.

"आता तू लटक," काकू म्हणाल्या.

"मी?"

"मग काय मी लटकू?"

त्याने आकड्याला दोन्ही हातांनी धरून पाय उचलले. शेजारच्या शिलाईच्या दुकानातला म्हातारा खिडकीतून बघत होता. गुडघे पोटाशी घेऊन, मिशीवाला बाप्या भिंतीला वटवाघळासारखा लटकलाय, हे त्याने बराच वेळ पाहिलं आणि खिडकी लावून घेतली. आकडा टिकला. दुसऱ्यावर लटकला, तोही टिकला. काकूंनी दोन्ही स्क्रू काढायला लावले, प्लग ओढून काढायला लावले. त्यांचा प्लग पक्कडीने ओढल्यावर निघाला. मोठ्या दुकानाचा निघेना.

"हा माझ्यापेक्षा चांगला आहे," काकू म्हणाल्या. "भिंतीला धरून बसतो. आणि स्वस्तही असणार."

"म्हणजे माझा हात."

"हात कशाला? आत्ता तूच बसवलेस ना? बसले की नाही?"

त्या खाली वाकल्या आणि भोकांतून पडलेला लाल भुगा त्यांनी बोटावर घेतला.

"त्या इमारतीत भोक पाडलंस तेव्हा भुगा कुठल्या रंगाचा पडला होता?"

सुताराने डोळे मिटले. आठ महिन्यांपूर्वीचा तो आठवडा त्याला दिसला. ड्रिल भिंतीत लोण्यात जावं तसं गेलं होतं. ओटे पिठासारख्या भुग्याने भरले होते. दिवसाला दोन घरं होत होती आणि तो खुशीत शीळ घालत होता.

"पांढरा," तो म्हणाला.

"मग कळलं नाही?"

"दिसलं. कळायला थांबलो नाही."

काकू तिथल्या पालथ्या बादलीवर बसल्या. त्यांना गुडघ्यांमुळे फार उभं राहवत नव्हतं. नव्या इमारतींत हल्ली हलके पांढरे ठोकळे वापरतात, त्यांनी समजावलं, हाताने उचलावेत इतके हलके. त्यात साधा प्लग धरत नाही. तिथला नाही, माझाही धरला नसता. दोन-चार महिने ओझं तोलतो आणि मग भिंतीचाच चुरा होत जातो. त्या भिंतींसाठी वेगळे प्लग येतात, लांब, रुंद आट्यांचे.

"चूक तुझीच आहे," त्या शेवटी म्हणाल्या. "पण दुरुस्त होणारी आहे."

ठणकता दात उपटून हातात दिल्यावर जसं रिकामं, दुखरं आणि मोकळं वाटतं, तसं सुताराला वाटलं. सकाळपासून तो दोन भीतींच्या मधे चेंगरला होता, की जन्मभर ज्या हातावर जगलो तो हात गेला, नाहीतर ज्या मालावर घर चालतं तो माल खोटा. दोन्ही खरं नव्हतं.

त्याने तिथूनच सुपरवायझरला फोन केला. दुसऱ्या चौकटीत खूण कर म्हणाला, आणि का ते सांगितलं. मग पोरगा हळू आवाजात म्हणाला की शेजारच्या दोन्ही इमारती त्याच बिल्डरच्या आहेत, तिथे दुसरे दोघे बसवतायत, बरं झालं दादा आत्ता सांगितलंत. लांब प्लगांची पाकिटं तो तासाभरात काढून ठेवणार होता. मजुरीचं मात्र वर विचारावं लागेल म्हणाला. सुताराने सांगितलं, मजुरी राहू दे, पाकिटं दे.

काकूंकडे दोन पाकिटं होती. ती त्यांनी त्याच्या पिशवीत टाकली.

"पहिल्या घराला पुरतील. जा. तिथलं आल्यावर बाकीची कर."

पैसे त्यांनी घेतले, जो दर होता तो. तेही त्याला बरं वाटलं. निघताना तो पायरीवर थांबला, ते मागे राहिलेलं बोलावं म्हणून. तेवढ्यात गिऱ्हाईक आलं आणि काकू खणाकडे वळल्या.

सिस्टरकडे तो संध्याकाळी जाणार होता, पण आधी तिसऱ्या मजल्यावर गेला. तिथे एक तरुण नवराबायको राहायचे, त्यांना सहा महिन्यांचं बाळ होतं. सुताराने दाराशीच सगळं सांगितलं, आडपडदा न ठेवता. बाईच्या चेहऱ्यावरचा रंग उतरला. तिने त्याला आत घेतलं. बाळाची खुर्ची नेमकी कपाटाखाली होती, आणि बाळ तिच्यात बसून चमचा आपटत होतं.

"आधी त्याला उचला," तो म्हणाला.

तिने उचललं. त्याने खिशातली स्टीलची पट्टी काढून कपाटाच्या वरच्या कडेला, भिंत आणि कपाट ह्यांच्या मधे सरकवली. पट्टी जाऊ नये अशी ती जागा. पट्टी गेली, जात राहिली, अर्ध्यावर जाऊन थांबली. बाईने ते पाहिलं. आतल्या ताटल्या दोघांनी एकेक करून काढल्या, एकमेकांकडे न बघता. शेवटची निघाली तेव्हा त्याने कपाटाला दोन्ही हातांनी मिठी मारली आणि ओढलं. स्क्रू सोडवायची गरजच पडली नाही. कपाट त्याच्या छातीवर आलं, शांतपणे, झोपलेलं मूल यावं तसं.

ते जमिनीवर ठेवून तो तिथेच फरशीवर बसला. बाईने पाणी आणून दिलं. आपल्याला कोणी बोल लावेल ह्याची त्याने वाट पाहिली.

"बरं झालं, आज आलात," एवढंच ती म्हणाली, आणि बाळाला छातीशी धरून पलीकडच्या खोलीत जाऊन दार लावून घेतलं. आतून तिचा रडण्याचा आवाज आला, मग हसण्याचा, मग बाळाशी बोलण्याचा.

शनिवारपर्यंत अकरा घरं झाली. प्रत्येक भोक त्याने नव्याने पाडलं, प्रत्येक कपाटाला बसवल्यावर स्वतः लटकला. सिस्टर म्हणाल्या, आधी हे केलं असतंस तर माझे कप वाचले असते. मग त्यांनी त्याला उरलेल्या एकुलत्या कपातून चहा दिला आणि स्वतः पेल्यातून घेतला. सुपरवायझरने फोन करून सांगितलं की मजुरी निम्मी मंजूर झाली, आणि शेजारच्या इमारतींतली कपाटंही उतरवायला घेतली आहेत.

मंगळवारी सुतार उरलेली चार पाकिटं परत करायला मोठ्या दुकानात गेला. सकाळची वेळ, गर्दी नव्हती. प्लगांची ओळ ओलांडून तो रंगांच्या बाजूने वळला आणि थबकला. रंगाच्या डब्यांचा एक मनोरा रचलेला होता. त्याच्या मागून एका ट्रॉलीचं पुढचं चाक दिसत होतं, आणि एक ओळखीची करडी चप्पल. त्याने दोन पावलं टाकली, तशी चप्पलही दोन पावलं मागे गेली. तो उलट्या बाजूने वळून गेला आणि समोरासमोर आला.

काकू होत्या. ट्रॉलीत बिजागऱ्यांची दहा-बारा खोकी, नळाचे वायसर, आणि वर पर्स.

दोघंही काही क्षण खोक्यांकडेच बघत राहिले.

"घाऊकवाला आता माझ्यासारखीला दारात उभं करत नाही," काकू म्हणाल्या. "शंभर पेट्या घ्या म्हणतो. शंभर पेट्या मी काय डोक्यावर ठेवू?"

"म्हणजे तुमच्या बिजागऱ्या..."

"इथल्याच. चांगल्या आहेत म्हणून विकते. कड्या मात्र नाही हो घेत. इथल्या कड्या वर्षात गंजतात. कड्या मी अजून त्या जुन्या लोहाराकडूनच आणते." मग त्यांचा आवाज खाली आला. "दर मंगळवारी येते. चारदा तू दिसलास. एकदा तर अर्धा तास अशीच उभी होते, पाय सुजले."

"पण लपायचं कशाला?"

"जन्मभर तुम्हाला सगळ्यांना सांगितलं, माझ्याकडचा माल म्हणजे माल. आणि आणते कुठून, तर इथून." त्यांनी चष्मा काढून पदराने पुसला. "तू दुकानाकडे यायचा बंद झालास, तेव्हाच मला वाटलं. तू मला इथे पाहिलंस. म्हणून येत नाहीस."

सुतार बघतच राहिला. तीन वर्षांचा वळसा, भंगारवाल्यांचा तो चिखल, गल्लीच्या तोंडावरून परत फिरलेले दोन दिवस, सगळं त्याच्या डोळ्यांपुढून गेलं. त्याला बोलायचं होतं की काकू, मी तर माझ्याच लाजेने, पण त्याआधी त्याला हसू आलं. पोटातून आलं आणि थांबेना. काकू आधी रागाने बघत होत्या. मग त्याने हसताहसता कसंबसं सगळं सांगितलं, आणि त्यांनीही रंगाच्या डब्यावर हात टेकला. डोळ्यांतून पाणी येईपर्यंत त्या हसल्या. दुकानातला एक पोऱ्या धावत आला, काकूंना बरं नाही असं वाटून. त्याला त्यांनी हातानेच परत पाठवलं.

पैसे भरायच्या रांगेत ट्रॉली त्याने ढकलली. काकू बाजूने चालत होत्या. पुढे उभ्या बाईने कसलं तरी कार्ड दाखवलं आणि तिच्या बिलातून काही कमी झालं, ते काकूंनी नीट पाहिलं.

"ते काय?"

"कारागिरांचं कार्ड. आम्हाला इथे दहा टक्के सूट असते."

"तुला आहे?"

"आहे की."

काकूंनी ओठ हलवत मनातल्या मनात हिशोब केला.

"तीन वर्षं," त्या म्हणाल्या.

सुताराने पाकीट काढलं. कार्डावर लाकडाचा भुसा चिकटला होता, तो त्याने शर्टाला पुसला. काउंटरवरच्या मुलीने त्याची परत करायची पाकिटं बाजूला ठेवली, मग ट्रॉलीकडे, मग दोघांकडे पाहिलं आणि विचारलं की बिल वेगवेगळं करायचं का.

"एकच कर, बाळा," काकू म्हणाल्या, आणि खोकी उचलून एकेक करून तिच्यापुढे ठेवायला लागल्या.